समुद्राचं सोंग

बुधवारी चारला हॉल मी उघडते.
किल्ल्या माझ्याकडे, शेगडीची राखही माझ्याकडे.
आन्कुदमध्ये लाकूड बारमाही ओलं,
म्हणून आधी धूर, मग ऊब, मग माणसं,
हा क्रम काही बदलत नाही.

सहाजण येतात. कधी चारच.
बूट दाराशी काढतात.
बुटांबरोबर आणखीही काही काढून ठेवावं
अशी शिमेनाबाईंची अपेक्षा असते,
पण ते पायमोज्यांसारखं
घालूनच बसतात सगळे.

बाई सान्तियागोच्या. दवाखान्याने पाठवलेल्या.
गोळ्या देत नाहीत. एक पेटी आहे त्यांची:
खडू, बोथट कात्र्या, लोकर,
आणि मधोमध शिवण घातलेल्या दोन जुन्या चादरी,
निळ्या रंगवलेल्या.
पहिल्याच दिवशी बाल्दोमेरो म्हणाला,
"आम्ही काय बालवाडीत आलोय?"
आणि तासभर
हिरव्या खडूने बटाटे काढत बसला.

मग नाटक करायचं ठरलं. गोष्ट एवढीशीच:
होडी जाते, होडी येते.
एतेल्विना होडी झाली, बसल्या बसल्या,
तिचे गुडघे धरलेत म्हणून.
कुणी वारा झालं, कुणी धक्क्यावरचं कुत्रं.
"समुद्र कोण होणार?"

शेगडीत लाकूड तडकलं तेवढंच.
या गावात प्रत्येक घराने
त्याला एकेक माणूस दिलेला आहे.

एवारिस्तो म्हणाला, मी दोरी होतो.
ऑगस्टनंतर त्याच्या तोंडून निघालेलं
ते पहिलं वाक्य.
तीन बुधवार तो कोपऱ्यात
वेटोळं घालून पडून राहिला.
दोरीला संवाद नसतात.

चौथ्या बुधवारी उठला,
कुणी सांगितलं नव्हतं,
चादर उचलली, खांद्यावर घेतली.
आखूड पडली ती. खाली मोजे दिसत होते,
एकाला अंगठ्याशी भोक.
बाई हळूच म्हणाल्या,
"समुद्रा, तुला काही बोलायचंय?"

मी झाडू धरून दारात उभी.
मला जायचं होतं, गेले नाही.

"मला नावं कळत नाहीत," समुद्र म्हणाला.
"मला फक्त वजन कळतं.
तो हलका होता."

रोसामेल. धाकटा. एकोणीस वर्षांचा.
आम्ही कुणी नाव घेतलं नाही.
होडीला या जागी वाक्यच नव्हतं, तरी ती बोलली,
"मग परत का नाही दिलास?"
समुद्राने चादरीखालून हात बाहेर काढले,
उलटे केले, सुलटे केले.
तळव्यांवर आडवे वण,
दोरी सुटताना पडतात तसे.
"मला हात नाहीत," म्हणाला,
आणि त्या हातांकडे
बराच वेळ बघत राहिला.

टाळ्या वाजल्या नाहीत.
बाल्दोमेरोने माते भरून पुढे केलं.
सोंग घेतलं होतं चुटकीसरशी,
उतरवायला मात्र त्याला वेळ लागला.
घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.
कुत्र्याचं काम करणारा रडत होता,
त्याचं कुणीच गेलेलं नाही.

बरा झाला का?
मला नका विचारू, मी किल्ल्या सांभाळते.
पुढच्या बुधवारी आलाच नाही.
त्याच्या पुढच्या बुधवारी आला तो
जाळी विणायची सुई घेऊन,
आणि बगलेत घरची एक चादर. न रंगवलेली.
"एवढा आखूड नसतो समुद्र," म्हणाला,
आणि निळ्याला पांढरं जोडत बसला,
टाके असे घट्ट
की मासळीसुद्धा निसटू नये.

परवा बाईंनी मलाही वही दिली.
"दहा मिनिटं. हात थांबवायचा नाही."
मी म्हटलं, माझं काय, मी झाडलोट करते.
त्या काही बोलल्या नाहीत. पेन्सिल तासून दिली.

तर हे एवढं लिहिलंय.
हे त्याचं झालं.
माझं जे आहे
ते अजून धुराशीच अडलंय.