बाणाच्या पलीकडे

प्राचार्य म्हणाले, बाहेरचा माणूस नको.
मानधन, गाडीभाडं, रात्रीचं जेवण,
आणि येऊन सांगणार काय, तर
शिक्षक हा मेणबत्तीसारखा असतो.
आपलीच माणसं, आपलीच खोली, पाच दिवस.
समन्वयकाच्या जागी माझं नाव त्यांनी
चहा पिता पिता लिहून टाकलं.

फेब्रुवारी संपताना वसमतला
चारी बाजूंनी हळद शिजत असते.
त्या वासात बॅनर आलं.
'अंतर्गत'मधला रफार उडालेला :
अंतगत प्राध्यापक विकास कार्यक्रम.
टेकाळे सर म्हणाले, राहू द्या,
माझे तरी चारच महिने उरलेत.

पहिल्या दिवशी नवीद सरांनी
मोबाईलवर तास कसा टिपायचा ते दाखवलं.
दुसऱ्या दिवशी लाईट गेली.
पंडितकर बाई मग अंधारातच बोलल्या,
वर्षभरात कुणी ग्रंथालयातून किती पुस्तकं नेली,
नावं न घेता.
प्रत्येकाला आपलं नाव ऐकू आलं.

तासिका तत्त्वावरची तीन पोरं
दाराशी थांबून विचारत होती,
सर, प्रमाणपत्र आम्हालाही मिळेल ना?
नियम बघतो, म्हटलं.
अजून बघितलेला नाही.

तिसऱ्या दिवशी ठरलं
प्रत्येकानं दहा मिनिटं शिकवायचं
आणि बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं.
व्हायला फारसं लागलं नाही.
डोईफोडे लगेच मागच्या बाकाकडे धावले,
कुणीतरी खडू फेकला,
प्राचार्यांनी हजेरीत 'यस सर' म्हटलं.
मला उशीर झाला, पोह्यांचा हिशेब चालला होता,
म्हणून जागा मिळाली शेवटची, डावीकडची.
गुडघे बाकात मावेनात.
लाकडावर करकटकानं कोरलेलं होतं : केमिस्ट्री म्हणजे झोप.
अक्षर चांगलं होतं.

टेकाळे सर समोर एक साधं गणित मांडत होते.
दुपारचे तीन, उजव्या खिडकीतून ऊन
थेट फळ्यावर.
डावी बाजू स्वच्छ दिसत होती.
बरोबरच्या चिन्हापाशी पांढरी चकाकी सुरू झाली
आणि उत्तर त्या चकाकीत गेलं.
मी मान वाकडी केली, उठलो, बसलो.
टेकाळे म्हणाले, काय करायलाव सर,
वर्गात लक्ष नाही तुमचं.
सगळे हसले. मीही.

ही खोली नंबर सात.
माझा तास इथं, तीन वाजता, बावीस वर्षं.
अभिक्रियाकारक मी डावीकडे लिहितो,
मग बाण,
मग उजवीकडे काय तयार झालं ते.

कावेरी नरवाडे. कोणतं साल, आठवत नाही.
चाचणीत तिनं सगळी समीकरणं
बाणापर्यंत लिहिली होती.
सोडियम अधिक पाणी, बाण, कोरं.
पानभर बाण.
मी लाल शाईत विचारलं होतं :
पुढचं कुणी लिहायचं?
वर्गात ते मोठ्यानं वाचूनही दाखवलं होतं.
ती इथंच बसायची. की पलीकडच्या बाकावर?

पाचव्या दिवशी समारोप, शाल, गुलाबाचं एकेक फूल.
अहवालात एक रकाना असतो, फलनिष्पत्ती.
मी लिहिलं : खोली नंबर सातसाठी एक पडदा.
लेखापाल म्हणाले, तीन दरपत्रकं जोडा,
आणि हा रकाना यासाठी नसतो, सर.

प्रयोगशाळेतल्या खिल्लारे मामांना सांगितलं फक्त.
सोमवारी त्यांनी घरून हळदीचं रिकामं पोतं आणलं,
चार खिळे मारले.
कामून बोलला नाहीत आधी, म्हणाले,
मी तर रोज झाडायलो ही खोली.

आता तीन वाजता उजेड पिवळसर येतो.
बाणाच्या पलीकडचं शेवटच्या बाकावरून दिसतं,
मी स्वतः जाऊन पाहिलं.
डावीकडे मात्र थोडा अंधार पडतो.
उद्या पुन्हा मागं बसून बघायला पाहिजे.