हातचा

जानेवारीत दुपारी पाचलाच अंधारतं इथे, नॉर्थ डकोटात.
खिडकीबाहेर धान्याच्या कोठारावर एक लाल दिवा
आणि आत मी, ताळेबंद उघडून.
मरणाऱ्यांच्या घरी जाऊन सेवा करते आमची संस्था,
तिचा खर्च मी लिहिते. अठरा वर्षं झाली.

यंदाच्या नव्या नोंदी:
संगणक प्रणालीचा परवाना.
सर्वेक्षण करणाऱ्या कंपनीची फी.
इन्ग्रिड नर्सचे आठवड्याला सोळा तास,
पेशंटपाशी नव्हे, पेशंटबद्दल.
धाप लागते का? विचारलं का? कधी विचारलं?
उपाय केला असेल तर तारीख.

माहिती धाडली नाही तर सरकार चार टक्के कापतं.
शहरातल्या संस्थेत एक माणूस
पाचशे पेशंटांचे फॉर्म भरतो.
आम्हाला तोच एक माणूस लागतो एकतीस जणांना.
हा भागाकार मी करून पाहिलाय.
पुन्हा करायचा नाही.

तर नोव्हेंबरच्या बैठकीत बुधवारची अंघोळ गेली.
डेलोरिसचे सोमवार, शुक्रवार राहिले,
बुधवार खोडला.
पेन माझंच होतं.

फॉर्मला शिव्या घालणं सोपं आहे, पण मला जमत नाही.
माझी आई मिनियापोलिसच्या एका चकचकीत जागेत गेली,
अकरा दिवस दात आवळून.
फाइलीत अकरा दिवस एकच शब्द: स्थिर.
कुणी विचारलं नाही तिला,
कारण त्यांना कुणी विचारणार नव्हतं.
आणि इथेसुद्धा, गेल्या वर्षी, फॉर्मनेच दाखवलं
की मॉर्फिन आपण वेळेवर देतो,
पोट साफ होतं का, हे मात्र निम्म्यांना विचारायचं राहतं.
इन्ग्रिडचे कान लाल झाले.
दुसऱ्या दिवसापासून राहिलं नाही.
हे कुठल्या बाजूला मांडू, जमेला की नावे?

काल मार्वा एन्गेनचा फोन आला.
नवरा जाऊन दोन महिने झालेत, सर्वेक्षणाचं पाकीट आलंय,
प्रश्न संपता संपत नाहीत म्हणाली.
'बुधवारचं कुठे लिहू गं?'
कुठला बुधवार?
'डेलोरिस यायची की! शेवटच्या आठवड्यापर्यंत.
टॉवेल आमच्या ओव्हनमध्ये गरम करायची,
त्याच्या पाठीवर पसरायची,
आणि तो, जन्मात कधी न बोललेला माणूस,
गव्हाच्या भावाबद्दल बोलत बसायचा.'

मी गप्प.
पगाराविना काम म्हणजे कायद्याचा भंग,
लिहिलं तर तिची चौकशी, आमचीही.
'त्याला रकाना नाही, मार्वा,' म्हटलं.
'मग राहू दे,' ती म्हणाली. 'मला वाटलं, तुला ठाऊक असेल.'

शाळेत बेरीज शिकवताना सांगायचे,
हातचा एक मनात धरायचा,
कागदावर नाही.

आज संध्याकाळी पंपावर डेलोरिसची गाडी दिसली.
ती आत कॉफी घेत होती.
मी तिची टाकी भरली, माझ्या पैशांनी.
पावती घेतली नाही.