डच बचाव, टेबल नंबर अकरा

वेंगुर्ल्यात चौथी फेरी.
शाळेच्या हॉलमध्ये बाकं जोडून मांडलेले पट,
बंदरावरचा वारा चालींचे कागद उडवतो
म्हणून गावडे सरांनी प्रत्येकाला
एकेक शिंपला दिलेला, वजनाला.

समोर आरोलकरबाई. पोस्टातून निवृत्त.
डी-चार खेळून घड्याळावर असा हात मारला
की वाटलं, शिक्का बसला, गेलं पत्र.

मी एफ-पाच.
दुसरं काही येत नाही असं नाही,
पण डचांच्या वखारीत मी क्रिकेट खेळलोय,
तिच्या खिडक्यांत चेंडू घालवलेत,
भिंत फोडून आलेली मुळं धरून वर चढलोय.
डच बचाव म्हणजे मला घरचाच.

ई-सहा, डी-पाच, सी-सहा,
प्याद्याला प्यादं टेकवून उभी केली रांग.
पुस्तकात हिला दगडी भिंत म्हणतात.
मी म्हणतो चिऱ्याची,
वारा-ऊन खाईल तशी घट्ट होणारी.
तिच्याआड राजाचा किल्लेकोट केला,
ट्रॉलरचं इंजिन उघडताना
बोल्ट ओळीने मांडतो तसं सगळं हाताशी.
फक्त एक उंट आत राहिला, पांढऱ्या घरातला.
त्याच्या वाटेवर माझीच माणसं.
म्हटलं, काढू नंतर.

बाईंना घाई नव्हती.
आवळासुपारी तोंडात टाकली
आणि घोडा ई-पाचवर आणून ठेवला,
मासे कापणारीच्या पुढ्यात मांजर बसतं तसा.

मग वजीर गेले, हत्ती गेले.
अठ्ठेचाळिसाव्या चालीला उरलं काय तर
त्यांचा घोडा, माझा उंट
आणि ती भिंत, जिची आता मलाच राखण.
घोडा उडी मारून मागच्या दारी आला,
एक चिरा नेला. दुसरा नेला.

मी हात पुढे केला. सही केली.
बाईंनी मोहरे पुन्हा लावले,
डाव चौदाव्या चालीपर्यंत मागे नेला
आणि सी-आठवर बोट टेकवून विचारलं,
"ह्यो उंट तू खंय बांधून ठेवलंस रे?"

संध्याकाळी वखारीवरून घरी निघालो.
आत कुणाची तरी शेळी होती,
दोरी स्वतःच खुंटाभोवती गुंडाळत गुंडाळत
हातभर उरलेली.
मी सोडवायला वाकलो
तर माझ्यावरच शिंगं रोखून उभी.