काटा

तांगा शहराबाहेर, पंगानीच्या रस्त्याला
घायपाताचे मळे संपतात तिथे पंपघर होतं.
दोन पंप, एक खुर्ची,
भिंतीवर बशीएवढी दाबाची तबकडी,
आणि तिचा काटा.
माणसंही दोनच: माझे बाबा एलियावेरी,
आणि पेंबा बेटावरून आलेले कोंबो.

सुट्टी सगळ्या देशाला असते,
पाण्याला नसते.
हे वाक्य बाबांचं. पगार थकला
तरी ते हेच म्हणायचे.

म्हणून ठरलेलं होतं, कागदावर नाही,
चहाच्या टपरीवर:
नाताळ, ईस्टर, गुड फ्रायडेला कोंबोंनी बसायचं,
दोन्ही ईदांना आणि मौलिदला बाबांनी.
नऊ डिसेंबरला, स्वातंत्र्यदिनी, नाणं उडवायचं.
नाणं कोंबोंचं होतं
आणि बाबा सहसा हरायचे.

नाताळ बरा, भिंतीला खिळलेला.
पंचवीस म्हणजे पंचवीस.
ईदचं तसं नाही. सरकारी कॅलेंडरात तिच्यापुढे
एक चांदणी, आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत:
चंद्रदर्शनावर अवलंबून.
एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी
आमचं ख्रिस्ती घर रेडिओला कान लावून बसायचं.
आई डबा हातात धरून: भरू की नको?
बाबा अंगणात, मान वर करून,
जणू उपास त्यांनाच सोडायचाय.

अठ्ठावीस वर्षांत बाबांनी ईद पाहिली नाही.
पण ती त्यांना तोंडपाठ होती.
पहाटे चारला काटा पाचावरून साडेतीनवर:
शहर न्हातंय.
सातला खिळल्यासारखा स्थिर:
मैदानात नमाज सुरू झाला.
दहाला पुन्हा खाली, तांदूळ धुतले जातायत.
दुपारी भांडी.
आणि दिवेलागणीला काटा नुसता थरथरतो, तेव्हा समजायचं
पोरांची ईदी संपली,
आता चिकट हात धुवून घेतायत.

कोंबो तसाच नाताळ सांगायचे.
"काल तुमचं चर्च उशिरा सुटलं.
पास्टर फार बोलला वाटतं."
बोललेलाच असायचा.
आणि गुड फ्रायडेला दुपारी तीनच्या सुमारास
काटा असा गप्प बसतो, ते म्हणायचे,
की काचेवर टिचकी मारून बघावी लागते.

एका वर्षी दोन्ही सण एकाच आठवड्यात आले,
पंचवीसला नाताळ, सत्तावीसला ईद.
मधल्या दिवसावरून दोघे भांडले.
काय बोलले ते घरी कधी कळलं नाही.
नाणं बाबांनी समुद्रात फेकलं, एवढंच ऐकलं.
मग वर्षभर नुसत्या किल्ल्यांची देवाणघेवाण,
खुर्चीवर ठेवलेल्या किल्ल्या,
हातात दिलेल्या नाहीत.
पुढच्या डिसेंबरात कोंबोंनी दुसरं नाणं आणलं
आणि बाबा पुन्हा हरले.

आता तिथे यंत्र आहे. हिरवा दिवा लागतो, विझतो,
खुर्ची कुणीतरी नेली.
यंत्र आलं त्या वर्षी कोंबो पहिल्यांदाच
नाताळला आमच्याकडे आले, इस्त्रीचा पांढरा कांझू घालून,
सोबत मोझाकाकू, पाकातल्या कैमातींचा डबा घेऊन.
आईने पिलाव केला होता.
"ईदलाही पिलावच असतो," काकू म्हणाल्या,
आणि एका घासानंतर, हळूच, "वेलदोडा कमी पडलाय."
आई हसली, पण मी तिला ओळखते.

दीड वाजला. मागच्या गल्लीत
बायका पातेली घेऊन नळावर आल्या.
पाणी सुटल्याचा आवाज झाला
आणि कोंबोंचा हात तोंडापाशी थांबला.
"साडेतीन," ते म्हणाले.
बाबांनी डोळे मिटले.
"तीन. शेजारच्या वस्तीतही भांडी निघालीत."
कोंबोंनी थोडं ऐकलं, मान डोलावली.

आम्ही बाकीचे जेवत राहिलो.
ते दोघे नळाकडे कान देऊन बसलेले,
पिलाव निवत चाललेला,
आणि बाबांचं बोट टेबलावर
नसलेल्या काचेवर टिचकी मारत होतं.