दूताची पाळी

पहाटे पिरेयसच्या धक्क्यावर दोरखंड मोजून देताना
एका खलाशानं सांगितलं मला
मालेआच्या टोकाशी फुटलेल्या गलबताचं.
नाव विचारलं. त्यानं सांगितलं.
पुन्हा विचारलं.

टेकडी चढून आलो ते सांगायलाच.
पण फायनिप्पोसनं जागा धरून ठेवली होती,
लाकडी बाकावर आपला झगा पसरून.
"ये ये, किती उशीर!" म्हणत
भाजके चणे ओतले त्यानं माझ्या ओंजळीत
आणि पावा वाजला.

खाली राजा आपली तलवार
मेव्हण्याच्या हाती देतोय: "सांभाळ.
किती रात्रींनी आज
मला गाढ झोप लागणार."
मेव्हणा वाकतो.
मुखवट्याला हसता येत नाही,
तरी आम्हांला दिसतं ते हसू.
अख्खी टेकडी श्वास रोखून.
इतक्या हजारांना ठाऊक,
पाणी विकणाऱ्या त्या पोरालासुद्धा.
एका राजाला तेवढं नाही.

फायनिप्पोस मांडीवर मूठ आपटतो,
"अरे, सांगा ना त्याला कुणीतरी!
पंधरा म्हातारे उभे आहेत, नुसते हात हलवत!"
मग माझ्याकडे वळून, डोळे पुसत:
"मिकिओनला आवडलं असतं हे.
पण यंदा समुद्रानं फार जीव लावलाय पोराला,
घरी सोडतच नाही."

चणा दाताखाली तसाच.
त्याचं प्रत्येक वाक्य आता
मला दोनदा ऐकू येतं.

दूत येतो, धुळीनं माखलेला.
त्याचं बरं असतं. त्याला वृत्त असतं,
दम कुठे घ्यायचा ते ठरलेलं,
राणीनं कधी किंचाळायचं तेही.
पाऊणशे ओळी, एकदाही न अडखळता.
मी ओठ हलवून पाहतो.
माझ्यापाशी एक नाव, एका भूशिराचं टोक,
आणि हातांना डांबराचा वास.

लोक उठतात, कपडे झटकतात.
अजून एक शोकांतिका बाकी,
मग बोकडपायांचा धिंगाणा.
"तोंड का असं तुझं?" फायनिप्पोस हसतो,
"नाटकच होतं ना?"
फडकं सोडतो. चार अंजिरं.
एक मला देतो,
एक स्वतः खातो,
उरलेल्या दोहोंवर
पुन्हा नीट गाठ मारतो.

कुणासाठी, असं मी विचारत नाही.