गहाळ

दर महिन्याच्या चार तारखेला रात्री
मी तक्ता भरते.
गेलं साल, हे साल, आणि शेवटच्या रकान्यात
वाढ किंवा घट.
घट आली की साहेब सगळ्यांना चहा सांगतात.

देवपूर, साक्री रोड, मोगलाई,
पांझरेच्या दोन्ही काठांचं हे धुळे
माझ्या तक्त्यात दरसाल शहाणं होत चाललंय.
चोऱ्या बारा टक्क्यांनी खाली.
कशा खाली, ते माझ्या निळ्या पेनाला ठाऊक.

शकूर पिंजारी आला, स्टँडवरून धावत.
नंदुरबार गाडीत चढताना मागच्यानं खिशात हात घातला,
बोटं जाणवली म्हणे, ओली होती.
चोरी गया व ताई, म्हणाला.
मी लिहिलं : मोबाइल गहाळ.
म्हणजे कुणी नेला नाही.
फोन आपला आपण खिशातून उतरला,
आणि ऊसाच्या रसाच्या गाड्यांमधून
चालत कुठंतरी निघून गेला.
गहाळला आरोपी नसतो, तपास नसतो,
तक्त्यात जागाही नसते.

पारोळा रोडच्या बाई म्हणाल्या, पोत ओढली.
पेपरवाल्यानं छापलं, सोनपोत लांबवली.
मी लिहिलं तेच, नेहमीचं.
त्यांच्या मानेवर वळ होता, लालभडक.
गहाळ झालेल्या पोतीचा वळ उठत नाही,
हे मला लिहिताना कळत होतं.

मे महिन्यात अख्खी गल्ली गच्चीवर झोपते,
भिंती रात्री दोनपर्यंत तव्यासारख्या.
वर माणसं, मधे ऊन, खाली कुणीतरी
कपाट उघडत असतो.
सकाळी येतात, उशी काखेत तशीच.
मी विचारते, कडी नीट लावली होती का?
तेवढ्या एका प्रश्नानं
निम्मे लोक गुन्हा स्वतःकडे घेऊन घरी जातात.

आणि ती क्लासची पोरगी,
बापासोबत आली, बाकावर बसली.
बाप म्हणाला, नाव नका लिहू, लग्न व्हायचंय.
ती काहीच म्हणाली नाही.
आता ती पाण्याच्या टाकीकडून जाते, लांबून.
बदललेल्या रस्त्यांचा
रकाना मला कुणी दिलेला नाही.

धुडकू बागुल मात्र दर सोमवारी यायचे.
सायकल गेलेली, हिरवी, मागं कॅरिअरला सुतळी.
मी दोन महिन्यांपूर्वीच लिहून ठेवलेलं, गहाळ,
शिक्क्यासकट.
चौथ्या सोमवारी त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.
मी इसरनू नही, ताई. कुलूप लायेल व्हतं.
सायकल नको माले.
चोरी गयी, एवढं लिखी दे.
आंडोर म्हनतस, बाप भरमिष्ट व्हयना,
सायकल कुठंबी ठेवस नि घर येस.
आता माले दुकानले बी एकला जाऊ देतस नही.

पंखा फिरत होता. वायरलेस खरखरत होता.
मी किल्लीकडे पाहिलं.
इतके दिवस मला वाटायचं
या शब्दानं फक्त चोर सुटतो.

कलम तीनशे तीन, पोटकलम दोन.
नवं कलम, जुनी हिरवी सायकल.
किंमत अंदाजे बाराशे.
प्रत दिली तेव्हा त्यांनी
बोटानं शोधत चोरी हा शब्द गाठला,
दोनदा वाचला, टोपीच्या घडीत ठेवला.

पाच तारखेला साहेबांनी चष्मा वर केला :
बाविस्कर, ही एकची वाढ कुठली?
सायकल आहे, सर.
सायकल?
हो सर.
चहा आला नाही त्या दिवशी.

सायकल अजून मिळालेली नाही, मिळेलसं वाटतही नाही.
मी म्हटलं होतं, आप्पा, किल्ली इथं ठेवा, पुरावा म्हणून.
त्यांनी मुठीत धरली.
सापडनी तर लागी ना, म्हणाले,
आणि एकटेच
साक्री रोडनं चालत गेले.