तिसरा वर्ग

सकाळी बारावी-कला. एकोणीस मुलं.
फळ्यावर प्रशिया काढली;
माझ्या हातून ती नेहमी जरा घणसोलीसारखी होते,
एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला कुंपण.

सांगितलं, राजा होता, राजाला विधिमंडळ होतं,
आणि मताला वजन होतं.
कर भरणाऱ्यांची यादी वरून खाली लावायची,
एकूण कराचे तीन सारखे ढीग करायचे.
पहिल्या ढिगात चार माणसं पुरली, तर चारच.
उरलेलं गाव तिसऱ्यात.
निवडून द्यायची माणसं मात्र तिन्ही वर्गांना सारखीच.
एके ठिकाणी पहिल्या वर्गात एकटा कारखानदार होता
म्हटल्यावर सुजय भोईर हसला.
मग विचारतो, "सर, मतदान गुप्त?"
नाही. नाव पुकारलं की पुढे यायचं,
जमीनदाराच्या कारकुनासमोर मोठ्यानं सांगायचं.
मागच्या बाकावरून, "आणि बायका?"
घंटा झाली.

संध्याकाळी सोसायटीची सभा, गच्चीवर, टाकीखाली.
इतिवृत्त माझ्याकडे, कारण अक्षर बरं.
विषय चौथा : पुनर्बांधणीत मताचं मोल चौरस फुटांवर.
ठराव तेंडोलकरांचा. त्यांनी दोन फ्लॅट एक केलेत.
ते शांतपणे बोलले, आकडे बरोबर होते,
आणि तेच मला रात्रभर टोचलं.
वन-रूम-किचनच्या वसुधा गावंड उठल्या,
"मग माझं पाऊण मत
कुठल्या हाताने वर करू?"
हसले सगळे. मीही.
इतिवृत्तात हशा लिहीत नाहीत.

"हात वर करा."
कोपऱ्यातल्या खुर्चीवर बिल्डरचा माणूस,
मांडीवर वही,
प्रत्येक हाताखालचं तोंड बघून घेत होता.

खाली गेटवर हिराजी मढवी.
ही इमारत उभी आहे तिथं त्यांच्या आज्याचं मिठागर होतं.
त्यांना सभेची नोटीस लावावी लागते;
मिळत नाही.
"झाली का मीटिंग, सर?
नव्या नकाशान माजा टेबल कुठं हाय?"
मी म्हटलं, बघतो.

उद्या एकोणीसशे अठरा.
राजा आगगाडीत बसून हॉलंडला जाईल,
तिन्ही वर्ग अर्ध्या परिच्छेदात रद्द होतील,
मुलं पान उलटतील.

ठराव बहुमताने मंजूर, असं लिहून ठेवलंय.
माझा फ्लॅट मधल्या आकाराचा.
मी हात कोपरापर्यंतच उचलला होता,
मोजणाऱ्याने तो पूर्ण धरला.